टीडब्ल्यूआय अभ्यासक्रम: फिटरचा सुपरवायझर करताना कुठे पुरतो, कुठे कमी पडतो

चाकण, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव, औद्योगिक वसाहत कुठलीही असो, सुपरवायझर नेमण्याची रीत बहुतेक एकच असते. लाइनवरचा सगळ्यात तयार सेटर (मशीन जुळवून देणारा) किंवा फिटर हेरायचा, त्याच्या हातात बढतीचं पत्र द्यायचं आणि पुढच्या सोमवारपासून शिफ्ट त्याच्यावर सोपवायची. मग मशीन अडलं की तो सवयीनं स्वतःच पाना घेऊन आत शिरतो, आणि तेवढा वेळ बाकीच्या बारा-पंधरा माणसांकडे कुणाचंच लक्ष नसतं. नवा मुलगा चुकला की ‘सरक, मी करतो’ म्हणून त्याचं काम ओढून घेतो. कंपनीनं एक उत्तम कारागीर गमावलेला असतो आणि सुपरवायझर अजून मिळालेला नसतो.

ही दरी भरण्यासाठी टीडब्ल्यूआय, म्हणजे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’, हा अभ्यासक्रम पुणे-छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात अनेक कंपन्या घेतात किंवा घेण्याच्या विचारात असतात. तो नेमका काय देतो, काय देत नाही आणि पैसे व वेळ घालवण्याआधी काय तपासावं, हे इथे मांडलं आहे. आमचं मत आधीच सांगतो. अनुभवी तंत्रज्ञाला माणसं हाताळायला आणि काम शिकवायला शिकवण्यासाठी यापेक्षा नेमका अभ्यासक्रम आमच्या पाहण्यात नाही. मात्र तो जसा आखला आहे तसाच चालवला पाहिजे, आणि त्याच्या मागे-पुढे कंपनीनं स्वतःचं थोडं काम केलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी यातली एक तरी गोष्ट राहते.

मुळात हे आहे काय

अभ्यासक्रम अमेरिकेत 1940 मध्ये, युद्धकाळासाठी सुरू झाला. कुशल कामगार कमी आणि नवखी माणसं हजारोंनी, अशी तेव्हाच्या कारखान्यांची स्थिती होती. चॅनिंग डूली, वॉल्टर डीट्झ, माइक केन आणि विल्यम कोनोव्हर या चौघांनी तो उभा केला. शिकवण्याचा चार पायऱ्यांचा गाभा त्यांनी चार्ल्स अ‍ॅलन यांच्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या पद्धतीवरून घेतला. 1945 पर्यंत 16 हजारांहून जास्त कारखान्यांतल्या 17 लाखांहून जास्त लोकांनी तो पूर्ण केला होता. युद्धानंतर तो जपानला गेला. टोयोटानं 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलेली त्याची शिकवण्याची पद्धत आजही त्यांच्या प्रमाणित कामाच्या (सगळ्यांनी एकाच ठरलेल्या रीतीनं करायच्या कामाच्या) पायाशी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेमार्फत तो त्याच दशकात भारतातही पोचला. म्हणजे आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही, विसरली गेली होती.

त्यामागचा विचार सरळ आहे. सुपरवायझरला पाच गोष्टी लागतात. कामाचं ज्ञान, जबाबदाऱ्यांचं ज्ञान, शिकवण्याचं कसब, माणसांशी वागण्याचं कसब आणि कामाची पद्धत सुधारण्याचं कसब. पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक कंपनीत वेगळ्या, म्हणून त्या कंपनीनं द्यायच्या. उरलेली तीन कसबं सगळीकडे सारखीच, त्यांचे तीन वेगळे भाग. जॉब इन्स्ट्रक्शन, जॉब रिलेशन्स, जॉब मेथड्स. आपल्याकडे त्यांना जेआय, जेआर, जेएम म्हणतात. प्रत्येक भाग 10 तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. एका तुकडीत साधारण 10 जण. प्रत्येकानं स्वतःच्या कामावरचं एक खरं उदाहरण आणून सगळ्यांसमोर करून दाखवायचं. शेवटी खिशात मावेल एवढं एक कार्ड मिळतं, त्यावर चार पायऱ्या छापलेल्या असतात.

जेआय: पैसे इथेच वसूल होतात

पहिल्या बैठकीत प्रशिक्षक दोन पदरी वायर घेऊन अंडररायटर्स नॉट नावाची गाठ शिकवतो. बल्बच्या होल्डरमध्ये वायर ओढली गेली तरी ताण स्क्रूवर न येता गाठीवर यावा, यासाठीची ही गाठ. आधी तो ती नुसत्या बोलण्यानं शिकवतो. ‘उजवी तार डावीच्या मागून घ्या’ वगैरे. कुणालाही जमत नाही. मग एक शब्द न बोलता नुसती करून दाखवतो. तरी जमत नाही, कारण प्रशिक्षक समोर उभा असल्यानं बघणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं. मग चार पायऱ्यांनी, शिकणाऱ्याच्या बाजूला उभं राहून शिकवतो आणि गाठ बसते. पंधरा-वीस वर्षं काम केलेला माणूस तेव्हा पहिल्यांदा मान्य करतो, की सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे आणि दाखवणं म्हणजेही शिकवणं नव्हे. ‘गाठ जुनी झाली’ म्हणून काही प्रशिक्षक त्याऐवजी बुटाची नाडी किंवा टायची गाठ घेतात. ते करू देऊ नका. जी गाठ सगळ्यांनाच येते ती शिकवताना कुणी अडखळत नाही, आणि अडखळल्याशिवाय धडा उतरत नाही. हातभर दोन पदरी वायर प्रत्येकाला द्या, खर्च काही रुपयांचा आहे.

पुढे येतो कामाचा तक्ता, म्हणजे एका कामाची एका पानावर केलेली फोड. डावीकडे महत्त्वाच्या पायऱ्या, मधे प्रत्येक पायरीतली खुबी, उजवीकडे तिचं कारण. खुबीसाठीच्या मूळ ‘की पॉइंट’ या शब्दाचं मराठी ‘मुख्य मुद्दा’ असं केलेलं दिसतं. ते पुस्तकी आहे आणि शॉपवर काहीच सांगत नाही. ‘खुबी’ म्हटलं की माणसाला लगेच कळतं. खुबीची कसोटी तीन प्रश्नांची. ही गोष्ट चुकली तर काम बिघडतं का? माणसाला लागतं का? ही केली तर काम सोपं जातं का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती खुबी नाही, तक्त्यात लिहू नये.

सीएनसी टर्निंग सेंटरवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) वेअर ऑफसेट, म्हणजे टूल झिजल्यावर मापात करायची दुरुस्ती, बदलण्याचं पाच मिनिटांचं काम घेऊ. व्यास 30.00 हवा, मोजमाप 30.04 आलं. म्हणजे एक्समध्ये (व्यासाच्या दिशेनं) उणे 0.04 द्यायचं.

पहिली पायरी, ऑफसेटचं पान उघडणं. खुबी: वेअरचं पान, जिऑमेट्रीचं नाही. कारण जिऑमेट्रीत टूलची मूळ जागा साठवलेली असते, ती हलली तर सगळा संदर्भ जातो.

दुसरी, टूलच्या ओळीवर कर्सर नेणं. खुबी: प्रोग्रॅममधल्या टूल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे बघून ओळ निवडायची. कारण शेजारच्या ओळीत आकडा गेला तर बिघाड या जॉबवर दिसत नाही, दुसऱ्या टूलवर दिसतो आणि मग तासभर शोधाशोध होते.

तिसरी, आकडा टाकणं. खुबी दोन: आकडा निम्मा करायचा नाही, कारण बहुतेक टर्निंग सेंटरवर एक्स व्यासात धरलेला असतो; आणि दशांश चिन्ह टाकायचंच, कारण कंट्रोलच्या सेटिंगनुसार चिन्हाविना तोच आकडा मायक्रॉन किंवा मिलीमीटर मानला जातो.

चौथी, आकडा आत घेणं. खुबी: ‘प्लस इनपुट’ दाबायचं, ‘इनपुट’ नाही. कारण ‘प्लस इनपुट’ आधीच्या आकड्यात भर घालतं, ‘इनपुट’ आधीचा आकडा पुसून नवा ठेवतं. आधीची दुरुस्ती उणे 0.12 असेल तर बेरीज होऊन उणे 0.16 यायला हवं. चुकून ‘इनपुट’ दाबलं तर नुसतं उणे 0.04 राहतं आणि पुढचा पीस 30.12 निघतो.

पाचवी, बदललेला आकडा वाचून एक पीस काढणं आणि मोजणं. खुबी: मोजल्याशिवाय दुसरा पीस लावायचा नाही.

हा तक्ता लिहायला अनुभवी सेटरला पहिल्यांदा तास-दीड तास लागतो, आणि तो त्यात अडकतो. चौथ्या पायरीतली खुबी त्याच्या बोटांत इतकी मुरलेली असते, की ‘मग इनपुट मारायचं’ एवढंच तो लिहितो. नवखा नेमका तिथेच चुकतो. आपल्याला येतं त्यातलं किती आपण सांगतच नव्हतो, हे त्याला स्वतःच्या हस्ताक्षरात दिसतं. ते व्याख्यानातून दिसत नाही. मेंटेनन्सच्या फिटरचंही तसंच. थंड बेअरिंग शाफ्टवर बसवताना ठोका आतल्या रिंगवरच पडला पाहिजे हे तो न चुकता करतो, पण का ते सांगत नाही. बाहेरच्या रिंगवर मारलं तर जोर बॉल्समधून जातो आणि रेसवर (बॉल्स फिरतात त्या खाचेवर) बारीक खळगे पडतात, ते दिसत नाहीत आणि काही आठवड्यांनी आवाज सुरू होतो. बेअरिंग तापवून बसवलं तर शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे पायरीला, टेकवून ते शाफ्टला धरेपर्यंत दाबून ठेवायचं, नाहीतर गार होताना आकसून खांद्यापासून सुटतं. ही कारणं तिसऱ्या रकान्यात असली की शिकणारा सांगितलेलं पाळतो. नसली की दोन आठवड्यांत स्वतःचा शॉर्टकट काढतो.

त्यानंतर शिकवण्याच्या चार पायऱ्या. आधी माणसाला तयार करायचं: त्याची भीती घालवायची, कामाचं नाव सांगायचं, त्याला आधी काय येतं ते विचारायचं, योग्य जागी उभं करायचं. मग काम मांडायचं: एक फेरी नुसत्या पायऱ्यांची, दुसरी खुबींसह, तिसरी कारणांसह. एका वेळी पेलेल तेवढंच. मग त्याच्याकडून करून घ्यायचं: पहिल्यांदा मुकाट्यानं, चूक झाली तर लगेच थांबवून, नंतर तोंडानं पायऱ्या, खुबी आणि कारणं सांगत. त्याला आलं आहे याची आपल्याला खात्री होईपर्यंत हे चालू ठेवायचं. शेवटी पाठपुरावा: अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगून ठेवायचं, सुरुवातीला वारंवार फेरी मारायची, मग हळूहळू कमी करायची. ‘शिकणाऱ्याला आलं नाही, तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही’ हे अभ्यासक्रमाचं वाक्य सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी आहे. आपल्याकडच्या लाइनवर ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले ठेकेदाराचे कामगार असतात, मराठी-हिंदीचा गोंधळ असतो. तिथे करून दाखवण्यावर आणि करून घेण्यावर भर असलेली ही पद्धत भाषणापेक्षा कितीतरी पटींनी चालते.

जेआयचा आणखी एक भाग अनेक प्रशिक्षक घाईत उरकतात, तो म्हणजे प्रशिक्षणाचं वेळापत्रक. एका बाजूला कामं, दुसऱ्या बाजूला माणसं, येतं तिथे खूण आणि येत नाही पण लागणार आहे तिथे तारीख. कंपन्यांत स्किल मॅट्रिक्स (कुणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता) लावलेली असतेच, पण तिच्यात पाव-अर्धी-पूर्ण वर्तुळं असतात, तारीख नसते. अमुक माणूस 14 तारखेपासून रजेवर आहे, मग ते मशीन कोण चालवणार, हा सुपरवायझरचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर तारखेच्या तक्त्यातच मिळतं.

बिघडतं कुठे

सगळ्यात मोठा घोळ तुकडीच्या आकाराचा. कंपनी म्हणते, प्रशिक्षक एकदाच येतोय तर पंचवीस जण बसवा. हिशेब करून बघा. प्रत्येकाचं प्रात्यक्षिक आणि त्यावरची चर्चा मिळून साधारण 25 मिनिटं. दहा जणांची 250 मिनिटं. पहिली बैठक सोडून उरलेल्या चार बैठकांत 480 मिनिटं असतात, त्यात प्रशिक्षकाचं शिकवणंही बसतं. वीस जण झाले की नुसत्या प्रात्यक्षिकांनाच 500 मिनिटं लागतात. म्हणजे निम्मे लोक कधी उभेच राहत नाहीत आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज, ते मागच्या बाकावर बसून प्रमाणपत्र घेऊन जातात. प्रात्यक्षिक न केलेल्याला प्रमाणपत्र देऊ नये, ही अट करारातच घाला.

दुसरी चूक पाच बैठका दीड दिवसात कोंबण्याची. दोन बैठकांच्या मधे एक रात्र किंवा एक शिफ्ट जावी लागते, कारण तक्ता मशीनजवळ बसून लिहायचा असतो. हॉटेलच्या हॉलमध्ये आठवणीनं लिहिलेल्या तक्त्यात खुबी येत नाहीत. पहिली शिफ्ट संपून दुसरी लागते त्या आसपास रोज दोन तास, सलग पाच दिवस, ही आखणी सगळ्यात बरी चालते.

तिसरं, काम फार मोठं निवडणं. ‘डाय चेंज’ (साचा बदलणं) हे एक काम नाही, त्यात आठ-दहा कामं आहेत. प्रात्यक्षिकाला पाच ते दहा मिनिटांत शिकवता येईल असं काम हवं, महत्त्वाच्या पायऱ्या फार तर सात. त्याहून जास्त झाल्या तर काम तोडून दोन तक्ते करा.

चौथं, तक्ता आणि एसओपी (काम करण्याची लेखी, ठरलेली पद्धत) यांची गल्लत. एसओपी चौदा पानांची असू शकते, ती ऑडिटला आणि संदर्भाला. कामाचा तक्ता शिकवणाऱ्याच्या हातात असतो, शिकणाऱ्याच्या नाही, आणि तो एका पानाचाच हवा. क्वालिटी विभागानं एसओपी चिकटवून तक्ते तयार केले, तर ते भिंतीवर लागतात आणि कुणी त्यावरून शिकवत नाही.

जेआर: कालच्या मित्राचा आज साहेब होताना

बढती मिळालेल्या तंत्रज्ञाची खरी ओढाताण इथे होते. कालपर्यंत कँटीनमध्ये एका टेबलावर बसणारे चौघं आज त्याच्या हाताखाली असतात. त्यात एखादे वयानं मोठे काका असतात, त्यांच्याकडूनच तो काम शिकलेला असतो. त्यांना ‘उशीर का झाला’ हे विचारायचं कसं? बहुतेक जण दोनांपैकी एका टोकाला जातात. काहीच विचारत नाहीत, किंवा सगळ्यांसमोर आवाज चढवतात.

जेआर आधी पायाभूत चार सवयी सांगतो. प्रत्येकाला त्याचं काम कसं चाललंय ते सांगत राहा. चांगलं केलं तर तेव्हाच श्रेय द्या. ज्या बदलाचा परिणाम होणार आहे तो आधी सांगा, आणि का तेही सांगा. प्रत्येकाच्या अंगातल्या गुणाचा पुरेपूर उपयोग करा. आमच्या मते यातली तिसरी आपल्याकडे सगळ्यात जास्त मोडली जाते. रविवारच्या शिफ्टचा निरोप शनिवारी दुपारी मिळतो, आणि पुढचा निम्मा आठवडा त्याच्या रागात जातो.

मग प्रश्न सोडवण्याच्या चार पायऱ्या: माहिती जमवा, तोलून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा. त्याआधी आपल्याला साधायचं काय आहे, ते एका ओळीत लिहायचं. समजा, एक ऑपरेटर तीन सोमवार उशिरा आला. नवा सुपरवायझर म्हणेल, ‘नोटीस द्या.’ जेआरचा कागद त्याला आधी हेतू लिहायला लावतो: सोमवारी सातला मशीन चालू झालं पाहिजे. मग नोंदी बघायच्या, म्हणजे हजेरीचं पंचिंग, आधीची वर्षं, रजा. नियम आणि रूढी बघायच्या: दुसऱ्या कुणाला अशी सूट मिळते का? मग त्या माणसाशी बोलायचं, बाजूला घेऊन, आणि त्याचं मत आणि भावना दोन्ही लिहायच्या. कळतं, की तो रविवारी गावी जातो आणि पहाटेची एसटी बंद झाली आहे. आता पर्याय लिहायचे: शिफ्ट बदलून देणं, सोमवारपुरती अदलाबदल, समज, नोटीस. प्रत्येक पर्यायाचा त्याच्यावर, गटावर आणि उत्पादनावर काय परिणाम होईल ते तपासायचं. आणि हे मी स्वतः हाताळायचं की साहेबांकडे न्यायचं, हेही. शेवटी कधी आणि किती वेळा तपासायचं ते ठरवायचं. नोटीस देऊ नका असं जेआर म्हणत नाही. ती देण्याआधी पूर्ण गोष्ट तुमच्यापाशी आहे का, एवढं विचारतो.

यातली उणीव अशी, की मूळ उदाहरणं युद्धकाळातल्या अमेरिकी कारखान्यांतली आहेत. ती जशीच्या तशी भाषांतर करून शिकवली तर वर्ग गप्प बसतो. चांगला प्रशिक्षक पहिलं उदाहरण पुस्तकातलं घेतो आणि दुसऱ्या बैठकीपासून सहभागींचीच घेतो. त्यात नावं लपवावी लागतात आणि वर्गात झालेलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे आधी ठरवावं लागतं. एचआरचा माणूस मागे बसून टिपणं घेत असेल तर कुणी खरा प्रश्न आणणार नाही. त्याला सहभागी म्हणून बसवा किंवा बसवूच नका.

कायम कामगार, ठेकेदाराचे कामगार आणि अप्रेंटिस एकाच लाइनवर असणं, युनियनशी झालेले करार, यांबद्दल जेआरमध्ये काही नाही. ‘नियम आणि रूढी’ या एका ओळीत ते सगळं येतं. ती ओळ भरण्यासाठी कंपनीनं स्टँडिंग ऑर्डर्स (नोकरीच्या अटींचे लेखी नियम), रजेचे नियम आणि कराराची कलमं सुपरवायझरच्या हातात, मराठीत, दिली पाहिजेत.

जेएम: ठीक, पण घाई नको

कामाचा प्रत्येक बारीक तपशील लिहून काढा; प्रत्येकाला का, काय, कुठे, कधी, कोण, कसं असं विचारा; नको ते काढा, जोडा, क्रम बदला, सोपं करा; मग मंजुरी घेऊन लागू करा. पद्धत भक्कम आहे. पण ज्या कंपनीत कायझेन (छोट्या-छोट्या सततच्या सुधारणा) आणि क्वालिटी सर्कल (दर्जा सुधारणारे कामगारांचे गट) नीट चालू आहेत, तिथे यातलं बरंचसं माणसांना येत असतं. तिथे हा भाग शेवटी घ्या. एक गोष्ट मात्र ठामपणे: सुधारणेचा कागद वर गेला की पंधरा दिवसांत उत्तर आलं पाहिजे, ‘नाही’ असलं तरी. उत्तर आलंच नाही तर तो सुपरवायझर पुन्हा कागद लिहीत नाही.

जे यात नाहीच

तीस तासांत पुढच्या गोष्टी येत नाहीत, आणि नव्या सुपरवायझरचा पहिला महिना यांतच जातो.

शिफ्टचा चार्ज देणं-घेणं. मशीनची स्थिती, अर्धवट राहिलेला जॉब, क्वालिटीनं अडवलेला माल, गैरहजेरी, सुरक्षेची एखादी उघडी बाब, हे सगळं दहा मिनिटांत, मशीनजवळ उभं राहून आणि वहीत लिहून. हे कंपनीनंच शिकवावं लागतं.

आकडे आणि संगणक. ईआरपीत (कंपनीच्या संगणक-प्रणालीत) नोंद, ईमेलला दोन ओळींचं उत्तर, तासागणिक उत्पादनाचा फलक. वीस वर्षं हातानं काम केलेल्या माणसाला मशीनची भीती नसते, कीबोर्डची असते. त्यासाठी वेगळे सहा-आठ तास द्या, ते कमीपणाचं वाटणार नाही अशा रीतीनं.

पगार. याबद्दल कुणी बोलत नाही आणि म्हणून चांगली माणसं बढती नाकारतात. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळतो. स्टाफमध्ये गेलं की तो सहसा बंद होतो. महिन्याला चाळीस तास ओव्हरटाइम करणाऱ्या सेटरची बढतीनंतर हातात येणारी रक्कम कमी होऊ शकते. शिवाय युनियनचं छत्र जातं. वेतनवाढ ठरवताना मागच्या बारा महिन्यांची प्रत्यक्ष मिळालेली रक्कम काढा, मूळ वेतन नाही, आणि हा हिशेब माणसाला पत्र देण्याआधी दाखवा.

आणि निवड. सगळ्यात हुशार हात म्हणजे सगळ्यात चांगला शिकवणारा, असं नसतं. जेआयचाच उपयोग इथे करता येतो. उमेदवाराला नवा अप्रेंटिस द्या, पंधरा मिनिटांचं काम शिकवायला सांगा आणि किती वेळा तो त्याच्या हातातून पाना काढून घेतो ते मोजा. मुलाखतीपेक्षा यातून जास्त कळतं. ज्याला शिकवायचं नाही पण काम अव्वल येतं, त्याच्यासाठी तांत्रिक तज्ज्ञाचं वेगळं पद आणि तेवढाच पगार ठेवा. त्याला जबरदस्तीनं शिफ्ट देणं दोघांच्याही नुकसानीचं.

घ्यायचाच असेल तर

मूळ हस्तपुस्तकं अमेरिकी सरकारची प्रकाशनं आहेत, त्यामुळे साहित्यावर कुणाचा हक्क नाही आणि ती मोफत मिळतात. पैसे द्यायचे ते प्रशिक्षकाच्या कसबाचे. म्हणून त्याला चार गोष्टी विचारा. हस्तपुस्तकावरून शिकवता की स्लाइडवरून? तुमचं स्वतःचं प्रशिक्षक-प्रशिक्षण किती तासांचं होतं? बहुतेक संस्थांत ते एका भागासाठी 40 तासांचं असतं. मराठीत शिकवाल का? आणि वर्गानंतर शॉपवर किती दिवस याल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘शून्य’ आलं तर दुसरा प्रशिक्षक बघा. दीर्घकाळासाठी मात्र स्वतःच्याच दोन फोरमनना प्रशिक्षक म्हणून तयार करणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ.

हॉटेलात दोन दिवस चालणारे खेळ आणि स्वभावचाचण्यांचे नेतृत्व-कार्यक्रम याला पर्याय नाहीत. वरच्या मॅनेजरांना ते उपयोगी पडत असतील, पण सोमवारी सकाळी सातला मशीनजवळ काय करायचं, हे त्यांत नसतं. संध्याकाळचे सुपरव्हिजनचे पदविका अभ्यासक्रम चांगले आहेत, कायदा आणि हिशेब त्यांत नीट येतो. ते टीडब्ल्यूआयच्या जोडीला घ्यावेत.

आमची शिफारस बारा आठवड्यांची. पहिल्या आठवड्यात जेआय. पुढचे तीन आठवडे प्रत्येकानं पाच तक्ते लिहायचे, तीन माणसांना त्यावरून शिकवायचं, आणि प्रशिक्षकानं प्रत्येकाला एकदा तरी मशीनजवळ बघायचं. पाचव्या आठवड्यात जेआर, आणि पुढचे चार आठवडे प्रत्येकानं एक खरा प्रश्न कागदावर हाताळायचा. दहाव्यात जेएम. या सगळ्या काळात उमेदवार रिलीव्हर (बदली सुपरवायझर) म्हणून शिफ्ट सांभाळतो, जुना सुपरवायझर पाठीशी असतो. पत्र बाराव्या आठवड्यानंतर. उमेदवारांच्या वरच्या मॅनेजरनंही जेआयच्या दहा तासांच्या पाचही बैठका पूर्ण कराव्यात, स्वतःचं प्रात्यक्षिक करून. नाहीतर तोच दुसऱ्या महिन्यात ‘तू कर ना पटकन, याला कशाला शिकवत बसलास’ म्हणतो आणि नवा सुपरवायझर पुन्हा पाना उचलतो.

मोजायचं असेल तर अभ्यासक्रमाच्या शेवटी भरून घेतलेले अभिप्राय बाजूला ठेवा. तीन महिन्यांनी शॉपवर जा, कुठल्याही एका मशीनचा कामाचा तक्ता मागा आणि त्यावरची शेवटची दुरुस्तीची तारीख बघा. मग त्या मशीनवरच्या सगळ्यात नव्या मुलाला विचारा, ‘प्लस इनपुट का, इनपुट का नाही?’